ख्रिस्ती चित्रकला : रूपाकडून ध्यानाकडे

ख्रिस्ताचे चित्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चेहरा उभा राहतो. खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, रेखीव दाढी, गोरापान वर्ण, किंचित वर वळलेली करुणार्द्र दृष्टी आणि मस्तकाभोवती प्रकाशाचे मंद वलय. ख्रिस्ती घराच्या भिंतीवर, मिशनच्या इस्पितळात, शाळेच्या कचेरीत, नाताळात वाटल्या जाणाऱ्या दिनदर्शिकेवर हाच चेहरा भेटतो. या घाटाच्या चित्रांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेल्यांत शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या व्यावसायिक चित्रकाराने १९४० साली रंगविलेले चित्र मोडते. छापखान्यांनी त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर पोहोचविल्या. पॅलेस्टाईनमध्ये एका यहुदी सुताराच्या घरी वाढलेल्या पुरुषाचे हे रूप मुळात एका अमेरिकन चित्रकाराच्या मेजावर घडले आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

यात नवल करण्याजोगे फारसे काही नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप कारखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी मराठी मनातील देवतांचे चेहरे असेच ठरवून टाकले. अशा चित्रांना हिणविण्याचेही कारण नाही. आजाऱ्याच्या उशाशी, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या खिशात, एकाकी वृद्धेच्या खोलीत त्यांनी दिलेला दिलासा खोटा नसतो. परंतु दिलासा ही एक गोष्ट आणि चिंतन ही दुसरी. रोज दिसणारे चित्र काही काळाने दिसेनासेच होते. हात सवयीने जोडले जातात, नजर मात्र वरवर फिरून पुढे सरकते. अतिपरिचयाने अवज्ञा होते असे म्हणतात. धार्मिक चित्राच्या बाबतीत अवज्ञेहूनही वाईट असे काही घडते, ते म्हणजे विस्मरण.

मराठी भाषेत 'ध्यान' या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. वारकरी विठ्ठलाच्या ध्यानाविषयी बोलतो तेव्हा त्याला विटेवरची मूर्तीही अभिप्रेत असते आणि त्या मूर्तीवर खिळलेले चित्तही. रूप आणि चिंतन यांना एकच शब्द पुरावा, ही या भाषेची मोठी समज होय. ख्रिस्ती परंपरेतही ही समज अपरिचित नाही. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनापद्धतीत साधकाने प्रार्थनेच्या आरंभी शुभवर्तमानातील प्रसंगाचे स्थळ मनःचक्षूंपुढे उभे करावयाचे असते: वाट कशी होती, घर केवढे होते, माणसे काय बोलत होती. मग प्रश्न असा उभा राहतो की, कोकणातल्या, विदर्भातल्या किंवा वसईतल्या साधकाने मनात उभी केलेली ती वाट कोठली असावी? त्या घरातील आईने काय नेसलेले असावे? गेल्या शंभर वर्षांतील भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा इतिहास म्हणजे या साध्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. ती उत्तरे देणाऱ्यांपैकी काहींना त्यांची किंमतही मोजावी लागली.

शब्द आधी, रंग मागाहून

मराठीपुरते पाहिले तर या प्रश्नाचे शब्दांतील उत्तर फार पूर्वी मिळालेले आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, पण त्याचे अंतरंग निखळ मराठी आहे. परदेशातून आलेल्या या धर्मगुरूने आपल्या कथेसाठी लॅटिन वृत्त वा पोर्तुगीज छंद न स्वीकारता पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद स्वीकारला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांतून तीच वाट रुंद केली. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो याच वाटेवरील एक मुक्काम म्हणावा लागेल. एवंच, कानाला ऐकू येणारा ख्रिस्त चारशे वर्षांपूर्वीच मराठी झाला होता.

डोळ्याला दिसणारा ख्रिस्त मात्र परदेशीच राहिला. याला अपवाद होते. १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेलेल्या धर्मगुरूंनी अकबर बादशहाला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले, तेव्हा त्यातील कोरीव चित्रांनी बादशाही चित्रशाळेतील बसावन आणि केसूदास यांसारख्या चित्रकारांना भुरळ घातली आणि मोगल कलमेतून मरिया व बालयेशू अवतरले. गोव्यातील हस्तिदंती कारागिरांनी सतराव्या शतकात घडविलेला मेंढपाळ बालयेशू डोळे मिटून, गालाला हात लावून असा बसतो की पाहणाऱ्यास बुद्धमूर्तीची आठवण व्हावी. परंतु मोगल दरबाराचे ते कुतूहल दरबारापुरतेच राहिले आणि गोव्याचे कारागीर अनामिक राहिले. चर्चच्या मुख्य वेदीवरील प्रतिमा लिस्बन-रोमच्या वळणाचीच असावयाची, हा दंडक विसाव्या शतकापर्यंत सहसा कोणी प्रश्नांकित केला नाही.

वास्तविक युरोपने तरी दुसरे काय केले होते? लिओनार्दो दा विंची याने १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथील मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर 'शेवटचे भोजन' रंगविले. त्या चित्रातील लांबलचक मेज आणि त्यावरील इस्त्री केलेली चादर ही जेरुसलेममधील नव्हेत, तर समोरच बसून जेवणाऱ्या मठवासीयांच्या पंगतीतील होती. म्हणजे पाहणाऱ्याच्या घरात ख्रिस्ताला आणून बसविण्याचे काम युरोपीय चित्रकार शतकानुशतके करीत आले होते. त्यांनी केलेले स्थलांतर कालांतराने मूळच वाटू लागले आणि तेच काम एखाद्या गोमंतकीयाने केले तेव्हा मात्र ते धार्ष्ट्य ठरले.

शिवाजीनगरचा चित्रकार

हे धार्ष्ट्य करणाऱ्या चित्रकाराचे नाव आंजेलो दा फोन्सेका. १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावरील एका संपन्न कॅथलिक घरात त्याचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने वैद्यकाच्या अभ्यासाला आरंभ केला, पण मन तेथे रमेना म्हणून तो जे. जे. कलाशाळेत गेला. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणातही त्याला हवे ते गवसले नाही. अखेर तो बंगालमध्ये गेला आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात त्याला आपली वाट दिसली. कोल्हापूरचे विनायक मासोजी हे दुसरे मराठी ख्रिस्ती चित्रकारही नंदलालांच्याच तालमीत तयार झाले आणि पुढे शांतिनिकेतनात अध्यापक झाले, हा योगायोग नव्हे. स्वदेशीच्या चळवळीने कलेपुढे ठेवलेला प्रश्न ख्रिस्ती तरुणांना दुहेरी तीव्रतेने भिडत होता. देशबांधव त्यांच्या धर्माला परका म्हणत होते आणि त्यांचा धर्म त्यांच्या देशीपणाकडे संशयाने पाहत होता.

बंगाली शैलीत जलरंगाचे पातळ थर देण्याची एक खास रीत आहे. एक थर वाळला की कागद पाण्यात भिजवावयाचा, पुन्हा रंग द्यावयाचा, पुन्हा भिजवावयाचा. अवनींद्रनाथांनी ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांच्या सहवासात आत्मसात केली. या रीतीत रेषा कठोर राहत नाहीत, सावल्या गडद होत नाहीत. रंग कागदावर बसण्याऐवजी कागदातून उमलल्यासारखे भासतात. फोन्सेकाने हे तंत्र आपल्या श्रद्धेच्या कामी लावले. त्याची मरिया साडी नेसते, डोक्यावर पदर घेते आणि मांडीवरच्या मुलाकडे पाहते तेव्हा तिची मान कोकणातल्या कोणत्याही आईची झुकावी तशी झुकते. त्याचा येशू सिंहासनावर नसतो, तो भुईवर बसतो. त्या चित्रांत नाट्य नाही, आक्रोश नाही. प्रथमदर्शनी ती थोडी फिकीही वाटतात. पण डोळा स्थिरावला की त्या शांततेचा खरा अर्थ कळू लागतो: पाहणाऱ्याने घाई सोडावी, एवढीच त्या चित्रांची मागणी असते.

शिक्षण संपवून फोन्सेका गोव्यात परतला तेव्हा गोमंतकीय समाजाने त्याचे स्वागत केले नाही. साडीतील मरिया पाहून धर्मगुरू आणि प्रतिष्ठित मंडळी दुखावली. हा राग समजून घेतला पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती होणे म्हणजे नाव, पोशाख, खाणेपिणे आणि भाषा यांतही वेगळे होणे होते. १६८४ सालच्या फर्मानाने तर स्थानिक भाषा सोडून देण्याचाच आदेश दिला होता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या असे शिकविले गेले की तुमचे जुने ते सारे त्याज्य, त्या समाजासमोर कोणी देवमातेलाच साडी नेसविली तर त्याला पायाखालची भुई हलल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. चित्रावरचा तो आक्षेप वस्त्रापुरता नव्हता. आपण कोण, या प्रश्नाचे मोठ्या कष्टाने बसविलेले उत्तर त्या चित्राने उसवले होते.

फोन्सेकाने गाव सोडले आणि पुण्यास शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आसरा घेतला. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने स्थापिलेल्या या आश्रमात खादी वापरीत, भुईवर बसून जेवीत आणि भारतीय पद्धतीने उपासना करीत. एका कॅथलिक चित्रकाराला स्वतःच्या पंथाच्या माणसांनी दूर लोटावे आणि दुसऱ्या पंथाच्या आश्रमाने सामावून घ्यावे, हा त्या काळातील एक विलक्षण प्रसंग होय. मुंबईतील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्यासारख्यांनी त्याला धीर दिला. खुद्द रोममध्येही वारे बदलत होते. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी म्हणून काम केलेले चेल्सो कोस्तांतिनी हे स्थानिक शैलीतील ख्रिस्ती कलेचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. फोन्सेका मात्र गाजावाजा न करता पुण्यात काम करीत राहिला. १९५१ साली त्याचा आयव्ही मिनेझिस यांच्याशी विवाह झाला आणि पुढच्या चित्रांतील मरियेला पत्नीचा चेहरा लाभला. डिसेंबर १९६७ मध्ये पुण्यातच त्याचे निधन झाले. पत्नीने जपलेला त्याचा चित्रसंग्रह एकविसाव्या शतकात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आला. ज्या गोव्याने चित्रकाराला जाऊ दिले, त्याच गोव्यात चित्रे परतली. परतली खरी, पण तो हयात नसताना.

क्रूसावरचा काळा देह

फोन्सेकाची शांतता हा चिंतनाचा एक मार्ग झाला. त्याच गोव्यात जन्मलेल्या दुसऱ्या एका कॅथलिक चित्रकाराने अगदी विरुद्ध टोकाचा मार्ग धरला. फ्रान्सिस न्यूटन सूझा याचा जन्म १९२४ साली साळगाव येथे झाला. बालपणी देवीच्या आजारातून तो वाचला, तेव्हा आईने त्याला धर्मगुरू करण्याचा नवस संत फ्रान्सिस झेवियरपुढे बोलला आणि त्या संताचे नाव त्याला दिले. नवस फिटला नाही. शाळेतून आणि जे. जे. कलाशाळेतून काढून टाकला गेलेला हा बंडखोर १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत होता आणि १९४९ साली तो लंडनला गेला. चर्चच्या अधिकाऱ्यांविषयी त्याच्या मनात कडवटपणा होता. तरीही चर्चमधील धूप, झगे, मेणबत्त्यांचा प्रकाश आणि खिळ्यांनी जखडलेला तो देह यांनी त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले त्याचे १९५९ सालचे 'क्रूसारोहण' पाहताना पहिली प्रतिक्रिया होते ती मागे सरकण्याची. काळाकभिन्न देह, काट्यांसारख्या टोकदार रेषा, विचकलेले दात आणि दिलासा देण्यास साफ नकार देणारी नजर. दिनदर्शिकेवरील ख्रिस्ताशी याचे काही नाते आहे, हे प्रथम पटतच नाही. पण थोडा वेळ गेला की एक अस्वस्थ करणारी जाणीव होते. रोमन साम्राज्यात क्रूस हे गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारण्याचे साधन होते. ज्याला वेदनेची खूणही शिवलेली नाही असा सुंदर, गोरा, शांत देह क्रूसावर दाखविणे हेच खरे तर असत्य नव्हे काय? सूझा भाविक होता असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या प्रसंगाला सवयीने गुळगुळीत केले होते, त्याची धार त्याने परत आणली. प्रार्थनेला बसलेल्या माणसाला त्या चित्रापुढे प्रार्थना सुचेल की नाही, हे सांगता येत नाही. मौन मात्र नक्की सुचेल.

अशा चित्रांवरील वाद हा गोव्यापुरता वा भारतापुरता नव्हता. फ्रान्समधील आसी या डोंगराळ गावी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांलगत बांधलेल्या चर्चसाठी फादर कुतुरिये यांनी मातीस, शगाल, रुओ, लेजे अशा थोर कलावंतांना पाचारण केले. त्यांत यहुदी होते, साम्यवादी होते, नास्तिकही होते. प्रतिभाहीन भाविकापेक्षा प्रतिभावान अश्रद्ध बरा, अशी कुतुरिये यांची भूमिका होती. तेथे जेर्मेन रिशिए या शिल्पकार स्त्रीने घडविलेला क्रूसावरचा ख्रिस्त झिजल्या लाकडासारखा, चेहराही हरवलेला असा होता. ओरड झाली आणि १९५१ साली धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेने तो वेदीवरून हलविण्यात आला. कित्येक वर्षांनी तो पुन्हा जागेवर आला. ज्यांची स्वतःची शरीरे आतून झिजत होती, त्या रुग्णांना तो देह परका वाटण्याचे कारण नव्हते. तो परका वाटला तो मुख्यतः निरोगी माणसांना.

उंबरठ्याबाहेरचे साक्षीदार

भारतात तर ख्रिस्ताच्या रूपाचे चिंतन करणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्या चित्रकारांचा वाटा फार मोठा आहे. जामिनी रॉय यांनी बंगालच्या लोककलेतील ठसठशीत रेषा आणि लांबट, टपोरे डोळे ख्रिस्ताला दिले आणि तो एखाद्या ग्रामदेवतेइतका सहज वाटू लागला. कृष्ण खन्ना यांच्या बालपणी वडिलांनी लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'ची छापील प्रत घरी आणली होती आणि त्या मुलाने ती उतरवून काढण्याचा खटाटोप केला होता. पुढे प्रौढपणी त्यांनी ख्रिस्तचरित्रातील प्रसंग रंगविले, तेव्हा ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांना दिल्लीच्या निजामुद्दीन परिसरातील फकीर-मजुरांचे चेहरे लाभले. फाळणीत लाहोर सोडावे लागलेल्या या चित्रकाराला विश्वासघात, परागंदा होणे आणि पुनर्भेट हे विषय ग्रंथातून शिकण्याची गरज नव्हती.

या कलावंतांना ख्रिस्ताचे देवत्व मान्य नसेल. पण त्यामुळे त्यांच्या चित्रांचे आध्यात्मिक मोल कमी होते असे मानणे चुकीचे ठरेल. उलट बाहेरून येणाऱ्याच्या नजरेला सवयीचा गंज चढलेला नसतो. घरच्या माणसाला जे रोजचे झालेले असते, ते पाहुण्याला थांबवून ठेवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात चर्चने कोणतीही एक कलाशैली स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही, असे स्पष्ट केले आणि सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला मुक्त वाव देण्याचा पुरस्कार केला. गोव्यात ज्या कारणासाठी फोन्सेकाला विरोध झाला होता, ते कारणच त्यामुळे तत्त्वतः निकालात निघाले. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता.

गुरू की मजूर?

परिषदेनंतर भारतीय चर्चमध्ये देशीकरणाची लाट आली. समई, कमळ, ॐकार, भगवी कफनी, पद्मासन यांनी ख्रिस्ती चित्रे आणि चर्चची दारे सजू लागली. हे सारेच चिंतनातून आले होते असे नाही. परदेशी साचा काढून तेथे देशी साचा बसविला, एवढ्याने चित्र जिवंत होत नाही. कमळ काढता आले म्हणून चिखल समजला असे थोडेच होते! फोन्सेकाने देश सोडण्याइतके दुःख सोसून जी साडी रंगविली, तीच पुढे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती नुसता वेष झाली. याहून गंभीर आक्षेप खुद्द भारतीय ख्रिस्ती समाजातूनच उठला. या समाजातील फार मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेला आहे. योगी, गुरू, संन्यासी या रूपांत रंगविलेला ख्रिस्त हा देशी खरा, पण तो कोणाच्या देशातला? ज्या देवळात आणि ज्या मठात त्यांच्या पूर्वजांना प्रवेश नव्हता, तेथलाच पोशाख पुन्हा त्यांच्या तारणहाराच्या अंगावर का चढवावा? अरविंद निर्मळ यांच्यासारख्या मराठी ईशज्ञानवेत्त्याने १९८० नंतरच्या काळात दलित ईशज्ञानाची मांडणी केली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

चित्रकारांनी या प्रश्नाला दिलेला प्रतिसाद आजच्या ख्रिस्ती कलेतील सर्वांत आशादायक भाग आहे. आंध्रातील लुथरन चित्रकार पी. सॉलोमन राज यांनी बाटिक आणि लाकडी ठसे या माध्यमांतून बेघर, निर्वासित, श्रमिक यांच्यामध्ये वावरणारा ख्रिस्त दाखविला. १९४४ साली पुण्यात जन्मलेले ज्योती साही यांचे वडील हिंदू आणि आई इंग्रज. लंडनमध्ये कलाशिक्षण घेऊन ते परतले, केरळातील कुरिशुमला आश्रमात बीड ग्रिफिथ्स यांच्या सहवासात राहिले आणि पुढे बंगळूरजवळच्या सिल्वेपुरा या खेड्यात स्थायिक झाले. आश्रमीय देशीकरणाच्या मुशीतून घडलेला हा चित्रकार हळूहळू ग्रामीण आणि आदिवासी जीवनातील प्रतीकांकडे वळला: बीज, झाड, नदी, ढोल, पाषाण.

ब्रिटनमधील मेथडिस्ट चर्चच्या आधुनिक कलासंग्रहात त्यांचे 'दलित मॅडोना' हे चित्र आहे. त्यात मरियेला मुकुट नाही, सिंहासन नाही. मायलेकरांची ती प्रतिमा सुचली आहे घरगुती रगड्यावरून. खाली पोकळ पोटाचा मोठा दगड, त्यात सामावलेला आणि फिरणारा लहान दगड. मोठा तो आईचा, लहान तो बाळाचा. या दगडाने दळावे, वाटावे, आणि त्यातून सगळ्या घराचे अन्न निघावे. कष्टकरी स्त्रीच्या हाताखालची ही ओबडधोबड वस्तू चित्रकाराने देवमातेचे आसन केली, किंबहुना देवमाताच केली. येथे भारतीयपणा वस्त्रातून आलेला नाही. तो कामातून आला आहे.

मराठी वाचकाला या चित्रापाशी एक जुनी ओळख पटावी. ओवी जन्मली ती जात्यापाशी. पहाटेच्या अंधारात दगडाला दगड घासत असताना बायांनी आपले सुखदुःख ज्या छंदात गायिले, तोच छंद ज्ञानदेवांनी घेतला आणि तोच छंद १६१६ साली थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तकथेसाठी उचलला. त्याने गाणे घेतले. दगड दळणारणीपाशीच राहिला. त्या दगडाकडे चित्रकाराचे लक्ष जाण्यास आणखी जवळजवळ चारशे वर्षे जावी लागली. शब्दांनी जेथून सुरुवात केली होती, तेथे रंग आता कोठे पोहोचत आहेत.

समकालीन ख्रिस्ती कलेपासून श्रद्धावंताला काय मिळते आणि श्रद्धा नसलेल्याला काय मिळते, याचे उत्तर या साऱ्या प्रवासात दडलेले आहे. फोन्सेका जवळ आणतो, सूझा दचकवितो, खन्ना शेजारच्या माणसाकडे पाहावयास लावतात, साही स्वयंपाकघरातील दगडापाशी नेऊन बसवितात. मार्ग भिन्न असले तरी सर्वांचे काम एकच: सवयीने मिटलेला डोळा उघडणे. ज्या चित्राने पाहणाऱ्याच्या मनात कोणताही प्रश्न उठत नाही, ते भिंतीची शोभा वाढवील, चित्ताला हात लावणार नाही. आपल्या पवित्र प्रतिमांना नवे रूप देणाऱ्या कलावंतावर आज सर्वच धर्मांत संशयाची नजर वळते आहे. अशा वेळी पुण्याच्या आश्रमात भुईवर बसून जलरंगाचे थर देत राहिलेल्या त्या गोमंतकीयाचे स्मरण उपयोगी पडावे. त्याच्यावर रुष्ट झालेल्यांनाही आपली श्रद्धाच जपावयाची होती. फरक इतकाच की, ते रूप सांभाळीत होते आणि तो ध्यान.